आरती स्पर्धेत नंबर नाही म्हणजे वाजवता येत नाही का? (थोडं लांब आहे)

शामेळवाला, डिचोली

नमस्कार मंडळी. चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेली, डोकं जरा जागेवर आलंय म्हणून लिहायला बसलो. आमच्या वाड्यावर घुमट आरतीचं पथक आहे (घुमट म्हणजे तोंडावर चामडं चढवलेलं मडक्याचं वाद्य), बापजाद्यांच्या वेळेपासूनचं. पूर्वी फक्त घरोघर आरत्या करत फिरायचो, रात्री दोन-तीन वाजेपर्यंत, प्रत्येक घरात नेवऱ्या आणि चहा. मग स्पर्धा सुरू झाल्या, आम्हीपण जायला लागलो. नंबर येत नाही असं नाही, कधी उत्तेजनार्थ, एकदा तिसरा. पण शेजारच्या गावचं एक पथक आहे, ते गेली कितीतरी वर्षं पहिलं-दुसरं सोडत नाही.

आता प्रॉब्लेम असा की आमच्या प्रॅक्टिसला आमच्याविषयी कोणी बोलतच नाही. त्यांनी सुरुवात कशी केली, त्यांचे कुर्ते कुठे शिवले, त्यांच्या रीलला किती लाईक आले, त्यांच्यात म्हणे आता तबला वाजवणारा एक पोरगा आलाय. आमच्या पोरांचं म्हणणं त्यांच्यासारखी लय वाढवत न्यायची. म्हाताऱ्यांचं म्हणणं स्पर्धाच सोडा, देवासमोर वाजवायला नंबर कशाला. मी मधे लटकलोय. सगळे सांगतात बाबा दुसऱ्याशी तुलना करू नको, स्वतःशी स्पर्धा कर. ऐकायला छान आहे, पण स्वतःशी स्पर्धा म्हणजे मंगळवारी संध्याकाळी प्रॅक्टिसला बसल्यावर नेमकं करायचं काय, हे कोणी सांगत नाही. कोणाला अनुभव असेल तर लिहा.

कोकमकढी

सोपं आहे मरे. पुढच्या चवथीला त्यांच्या पथकाला जेवायला बोलवा, पातोळ्या आग्रह करकरून वाढा, त्यावर थंडगार सोलकढी. घसे बसले की नंबर तुमचा 😄

तिसरी_घंटा, फोंडा

मी नाटकवाला आहे त्यामुळे स्पर्धा म्हटलं की अंगात येतं. म्हाताऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही, सॉरी. गोव्यात मराठी नाटक टिकलं त्याला दोन कारणं, एक जत्रेतली नाटकं आणि दुसरं कला अकादमीच्या स्पर्धा. जत्रेच्या रात्री गाव आपल्यासाठी नाटक करतो, समोर आई, काकी, शाळेचे मास्तर बसलेले, चुकलं तरी टाळ्या पडतात. ते हवंच. पण तेवढ्यावर कोणी लायटिंगचा विचार करायला, संहिता दहा वेळा वाचायला लागत नाही. ते स्पर्धेने शिकवलं. खेड्यापाड्यातल्या पोरांनी स्पर्धेसाठी अशी नाटकं बसवली जी धंदेवाईक रंगभूमीने हातात घेतली नसती.

पण स्पर्धेचा एक रोग मी डोळ्यांनी बघितलाय. यंदा परीक्षक कोण, त्यांना काय आवडतं, गेल्या वर्षी पहिलं आलेलं नाटक कसलं होतं, यावरून नाटक निवडायचं. मग एखाद्या वर्षी सगळ्याच संस्था अंधारात कुजबुजणारी नाटकं करतात. पडदा पडला की दिग्दर्शक आधी विचारतो, त्यांचं कसं झालं? अरे, तुझं कसं झालं ते सांग की. दुसऱ्या अंकात तुझा मुख्य नट स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात चिकटून राहिला ते बघितलंस का?

माझं मत, स्पर्धेला जा. पण निकालाच्या कागदावरचा आकडा बघायच्या आधी परीक्षकांना गाठून विचारा, आमचं नेमकं कुठे ढिलं पडलं. बरेच परीक्षक सांगतात, कारण विचारणाराच कोणी नसतो, सगळे चिडून बसमध्ये बसलेले असतात.

वर्गपाठ, म्हापसा

शामेळवाला, तुमचा शेवटचा प्रश्न आवडला म्हणून मुद्दाम लिहिते. मी मानसशास्त्र शिकवते त्यामुळे जरा लेक्चर होईल, सहन करा.

लिऑन फेस्टिंगर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. लोकांना त्यातलं एवढंच माहीत असतं की माणूस दुसऱ्याशी तुलना करतो. पण त्यांचं म्हणणं त्याहून बारीक होतं. माणसाला आपण कितपत बरे आहोत हे जाणून घ्यायची ओढ असतेच, आणि जिथे मोजायला सरळ साधन नसतं तिथे तो शेजाऱ्याकडे बघतो. म्हणजे तुमचं पथक त्या पथकाकडे बघत बसतं ते मत्सरी आहे म्हणून नाही, तुमच्याकडे स्वतःचं वाजवणं मोजायचं दुसरं काही नाही म्हणून. मनाला कितीही दम दिलात की तुलना करू नको, ते करणारच. हातात मोजमाप द्या, मग बघा.

दुसरं, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकची फुटेज घेऊन संशोधकांनी खेळाडूंचे चेहरे लोकांकडून जोखून घेतले होते, १९९५ मध्ये तो अभ्यास छापून आला. कांस्य मिळालेले खेळाडू रौप्यवाल्यांपेक्षा खूश दिसत होते. रौप्यवाला बघतो सोन्याकडे, थोडक्यात हुकलं. कांस्यवाला बघतो चौथ्याकडे, थोडक्यात वाचलो. पदकाची किंमत बाजूलाच राहिली, कोणाकडे तोंड करून उभे आहात त्यावर सगळं. तुमच्या तिसऱ्या नंबराच्या वर्षी पथक खूश होतं की नाही, आठवून बघा.

शामेळवाला, डिचोली

मॅडम, खूश होतो! त्या वर्षी बसमध्ये आरत्या म्हणत आलो. पुढच्या वर्षी उत्तेजनार्थ मिळालं तेव्हा एकमेकांशी बोललो नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दुसऱ्या वर्षी आम्ही जास्त चांगलं वाजवलं होतं.

पण घुमट मोजायचं कसं? धावण्याला घड्याळ असतं, आम्हाला काय?

जुना_घुमट, सत्तरी

बाबा, घुमट मोजता येतं. आमच्या वेळी मोबाईल नव्हते म्हणून थोरल्यांच्या शिव्या हेच मोजमाप होतं, आता तुमच्याकडे सगळं आहे.

पहिलं, लय. एक आरती घ्या, नेहमीची. मोबाईल एका ठरलेल्या जागी ठेवा, दर वेळी तिथेच, आणि पूर्ण आरती रेकॉर्ड करा. त्याच रात्री ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. पहिलं कडवं आणि शेवटचं कडवं, दोन्हींची लय मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरलेल्या वेगाने टिकटिक करणाऱ्या, अ‍ॅपवर लावून बघा. दहातली नऊ पथकं शेवटाला पळतात. ठरवून लय चढवणं वेगळं आणि जोश आला म्हणून पळत सुटणं वेगळं. ठरवून चढवत असाल तर कुठल्या कडव्याला चढवली ते सगळ्यांनी एकाच जागी दाखवता आलं पाहिजे. नाही आलं तर पळताय.

दुसरं, डावा हात. लोकांना वाटतं घुमट उजव्या हाताने वाजतं. चामड्यावर पडतो तो उजवा, पण मागचं लहान तोंड उघडतो-मिटतो तो डावा. तळवा पूर्ण बंद, अर्धा उघडा, पूर्ण उघडा, तीन आवाज तीन जागी पाहिजेत. नवीन पोरांचा डावा हात दमला की तोंडावर चिकटून बसतो आणि सगळे ठोके एकाच आवाजाचे होतात. नुसती घुमटं वाजवून घ्या, गाणारे गप्प, शामेळ (साथीचा ढोल) गप्प, कासाळेंवाला, म्हणजे झांजवाला, तर बाहेर पाठवा. मग ऐका.

तिसरं, आरतीचे शब्द. आरती माहीत नसलेला कोणी पाहुणा असेल त्याला रेकॉर्डिंग ऐकवा आणि विचारा, किती शब्द कळले. घुमटाने गाणाऱ्याला बुडवलं असेल तर तिथेच समजतं.

हे वहीत लिहा. तारीख, आरती, काय झालं. महिन्याने तीच आरती परत.

आणि दुसऱ्यांचं ऐकायचंच नाही असं मी म्हणणार नाही. ऐका, पण जाताना एकच प्रश्न घेऊन जा. आज मी त्यांचा डावा हात बघणार, बस. कुर्ता, लाईट, टाळ्या काही बघायचं नाही. नुसतं 'ते भारी, आम्ही कमी' असं घरी घेऊन आलात तर दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग शून्य.

एक जुनी तुलनापण सांगून ठेवतो. आमच्या पिढीला सवय होती घोरपडीच्या कातड्याच्या आवाजाची. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आली, ते बरोबरच झालं, आता शेळीचं चामडं लावतात. आमच्यातले काहीजण अजून प्रत्येक घुमट हातात घेऊन म्हणतात, पूर्वीसारखा नाद नाही. नसणारच! चामडं वेगळं, ताण वेगळा, हात वेगळा टाकायला पाहिजे. जुन्या नादाशी ताडत बसलेल्यांनी नवीन चामड्याचा हात कधी शिकलाच नाही, आणि ज्या पोरांनी जुना नाद ऐकलाच नव्हता ती शेळीच्या चामड्यावर आमच्यापेक्षा स्वच्छ वाजवतात.

लयीचा विषय निघालाच आहे तर लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकरांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. दोन हात, दोन पाय, प्रत्येकाला वेगळा ताल आणि तोंडाने आणखी काही, असं लयीचं काम करणारा माणूस आपल्या गोव्यातला. त्यांनी कोणाशी बरोबरी करायची होती? बाजूला कोणी ते करतच नव्हतं. लयीचा एक तुकडा घेतला, तो बसला, की त्याहून अवघड तुकडा.

मांडवीकाठ, पणजी

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मी जरा तिखट टाकतो. ही 'स्वतःशी स्पर्धा' पोट भरलेल्या लोकांची चैन आहे. आमचा हॉटेल सप्लायचा धंदा आहे. गिऱ्हाईक रोज तुलना करतं, याचा रेट काय, त्याचा रेट काय, तो वेळेवर देतो तू का नाही. मी स्वतःच्या गेल्या वर्षाशी तुलना करत बसलो तर पुढच्या वर्षी बसायला ऑफिस राहणार नाही. गोव्यात आधीच सुशेगाद, म्हणजे निवांत बसणारे, म्हणून नाव, त्यात हे अजून एक निमित्त. बाजूचा पुढे गेला की पोटात दुखतं, ते दुखणं मला सकाळी उठवतं. त्यात वाईट काय?

चिकणमाती, पेडणे

मांडवीकाठ भाऊ, आमचापण धंदाच आहे. आम्ही चितारी, गणपतीची चित्रशाळा. गिऱ्हाईक मोबाईलवर फोटो घेऊन येतं, मुंबईच्या कुठल्यातरी मंडळाच्या राजाचा, असाच पाहिजे म्हणतं, आणि बाजूच्या चित्रशाळेत इतक्याला आहे म्हणूनही सांगतं. ती तुलना चुकत नाही, आणि तिला मी उत्तर देतो, रेटचं रेटने. पण ती दारात थांबते. आत मातीवर बसल्यावर तिचा काही उपयोग नाही.

उदाहरण देतो. डोळे. सगळा रंग झाला की शेवटी डोळे लिहायचे. बाहुली जरा वर गेली की देव आढ्याकडे बघतो, जरा खाली गेली की झोपलेला वाटतो. पाटावर ठेवल्यावर, आरतीला उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघितल्यासारखी नजर यायला पाहिजे, आणि घरात बसलेल्या लहान पोराकडेही. बाजूच्या शाळेत किती मूर्ती गेल्या यावरून ती नजर येत नाही. मी दर वर्षी डोळे झाल्यावर समोरून एक आणि खालून एक फोटो काढून ठेवतो आणि पुढच्या वर्षी ब्रश धरायच्या आधी तो बघतो. डाव्या डोळ्याची कड मी जाड करतो, ते असं फोटोतून कळलं. गिऱ्हाइकाला ते कधीच कळलं नसतं.

तुमचं पोटात दुखणं तुम्हाला उठवतं हे मान्य. पण उठल्यावर काय करायचं ते दुखणं सांगत नाही ना.

मांडवीकाठ, पणजी

शेवटचं वाक्य लागलं. विचार करतो. रेटवालं मात्र बरोबर बोललात.

जुई_फुली, मडगाव

मी घुमटवाली नाही, आई आहे. मुलगी दहावीला. रिझल्ट लागला की फॅमिली ग्रुपवर सगळ्यांची टक्केवारी येते, फुलांच्या इमोजीसकट, आणि ज्याचं पोर मागे पडलं तो त्या दिवशी ऑफलाईन. आमच्या घरी मी कधी तुलना करत नाही असं मी छातीठोकपणे सांगायचे, तर मुलगी म्हणाली, मम्मा तू बोलत नाहीस, तू फक्त विचारतेस "वर्गात सगळ्यात जास्त किती?" आता हे मी माहिती म्हणून विचारते हो! पण तिच्या बाजूनेपण बरोबर आहे.

वर्गपाठ मॅडम, मग पालकांनी विचारायचं तरी काय? मार्क तर विचारावेच लागणार, अ‍ॅडमिशन मार्कांवर आहे, ते काही आपल्या हातात नाही.

वर्गपाठ, म्हापसा

जुई ताई, पेपर मागा, मार्क आपोआप कळतील. पेपर घेऊन दोघी बसा आणि गेलेल्या मार्कांची वाटणी करा. येत नव्हतं म्हणून किती गेले, येत होतं पण प्रश्न नीट वाचला नाही म्हणून किती, वेळ पुरला नाही म्हणून किती. तिन्हींवर उपाय वेगळे. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. अ‍ॅडमिशनची यादी लागायची तेव्हा लागेल, तिथे तुलना होणारच, वर्षातून एकदा. ती रोज जेवणाच्या टेबलावर लावायची गरज नाही एवढंच.

अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर काम केलं, त्यात जास्त तयारीचे विद्यार्थी एकट्याने, चुका हेरून रियाज करण्यात जास्त वेळ घालवत होते. लोकांनी त्यातून 'दहा हजार तास' एवढंच उचललं. नुसते तास मोजले तर चुकीचा डावा हातही दहा हजार तास पक्का होतो. (जुना_घुमट काका, तुमचं उदाहरण चोरलं.)

धावपळ, वास्को

उशिरा आलो. वर कोणी लिहिलंय धावण्याला घड्याळ असतं, म्हणून आमच्या बाजूची गोष्ट सांगतो, कारण घड्याळ असलं की सुटलो असं काही नाही.

मॅरेथॉन हा एकच खेळ बहुतेक, जिथे हजारो लोक पैसे भरून येतात आणि त्यातल्या जवळजवळ कोणालाच जिंकायचं नसतं. ४२.१९५ किलोमीटर. पुरुषांचा विश्वविक्रम एलिउड किपचोगेने बर्लिनला २०२२ मध्ये २ तास १ मिनिट ९ सेकंद केला, मग केल्विन किप्टमने शिकागोला २०२३ मध्ये २ तास ३५ सेकंदांवर आणला. त्यांच्याशी माझी तुलना करायची म्हटली तर ते जेवून झोपतील तेव्हा मी अजून चिखलीच्या चढावर असतो. म्हणून आम्ही 'पर्सनल बेस्ट' धरून बसतो. मी आणि माझं घड्याळ. वाटलं होतं, ही खरी स्वतःशी स्पर्धा.

पण वय वाढतं ना. पंचेचाळिशी ओलांडली की तो जुना पर्सनल बेस्ट समोर उभा राहतो, आणि तो शेजाऱ्यापेक्षा वाईट. शेजाऱ्याला निदान म्हणता येतं त्याला वेळ आहे, त्याचा कोच आहे, त्याला पोरंबाळं नाहीत. स्वतःच्या जुन्या आकड्याला काय कारण सांगणार? आमच्या ग्रुपमधल्या एकाने त्या एका आकड्यापायी गुडघा घालवला आणि धावणंच सोडलं, आता सकाळी भेटला तर रस्ता बदलतो.

त्यामुळे 'कालच्या स्वतःशी तुलना करा' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कालचा मीपण दुसराच माणूस आहे, त्याचं शरीर वेगळं, झोप वेगळी. आणि गोव्यात तर हवापण धरावी लागते. जानेवारीतल्या पहाटेचा वेग मे महिन्यात मागितला तर घामाने डिहायड्रेट होऊन पडाल. मास्टर्स अ‍ॅथलेटिक्समध्ये वयाप्रमाणे वेळ जोखायचे तक्ते असतात, ते मला पुष्कळ बरे वाटले. पण त्याहून बरं म्हणजे मी आता वेळेऐवजी एक वेगळी गोष्ट बघतो, शेवटच्या भागात चालायला लागलो की नाही आणि पहिला अर्धा, दुसरा अर्धा किती जवळ आले. जुना_घुमट काकांची पहिल्या-शेवटच्या कडव्याची तपासणी आणि ही एकच हो! आम्ही पण सुरुवातीला दुसऱ्यांच्या नादाने पळतो आणि मग मरतो.

तिसरी_घंटा, फोंडा

धावपळ, भारी लिहिलंत. नटांचंपण हेच. विशीत केलेली भूमिका चाळिशीत परत करायला घेतात आणि विशीतला आवाज शोधत बसतात.

सूरपेटी, सावईवेरें

गोव्यात बसून हा विषय आणि अजून कोणी केसरबाई-मोगूबाई या गायिकांचं नाव काढलं नाही? मी काढतो.

दोघी आपल्या. केसरबाई केरकर फोंड्याच्या केरी गावातल्या, जन्म १८९२. मोगूबाई कुर्डीकर १९०४ च्या, कुर्डी गावच्या, जे पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि मे महिन्यात पाणी उतरलं की अजून दिसतं. दोघी मुंबईत, दोघींना शिकायचं होतं एकाच गुरूकडे, अल्लादियाखांसाहेबांकडे. केसरबाईंची तालीम १९२१ ला सुरू झाली. दोघींच्यातल्या चुरशीमुळे मोगूबाईंची खांसाहेबांकडची तालीम मधेच तुटली हे संगीताच्या वर्तुळात सगळ्यांना माहीत आहे. आता विचार करा, तुमच्याच प्रांतातली बाई, तुमच्याच गुरूकडे, तिच्याकडे पैसा, नाव, संस्थानिकांची बोलावणी, आणि तुमच्यासाठी दार बंद. तुलना करून कडू व्हायला याहून मोठं कारण कोणाला पाहिजे?

मोगूबाई आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, मग खांसाहेबांचे भाऊ हैदरखां यांच्याकडे, आणि शेवटी १९३४ च्या सुमाराला खांसाहेबांचाच गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्या झाल्या. त्यांची गायकी ऐकली की मला तरी सगळ्यात आधी जाणवते ती लय. केसरबाईंचा घुमारेदार आवाज हा त्यांचा रस्ताच नव्हता, त्या त्यावर गेल्याच नाहीत. मध्यलयीत, तालाच्या अंगाने बांधीव गाणं केलं. आणि मुलीला शिकवलं, किशोरीताई आमोणकरांना. किशोरीताई पुढे आईसारखंही गायल्या नाहीत, ती तर अजून वेगळी गोष्ट. केसरबाईंना पद्मभूषण १९६९ मध्ये, मोगूबाईंना १९७४ मध्ये.

मांडवीकाठ, पणजी

सूरपेटी, थांबा थांबा. यात माझाच मुद्दा सिद्ध होतो. केसरबाई काही 'मी आणि माझा रियाज' म्हणून बसल्या नव्हत्या, त्यांना नंबर एकच पाहिजे होता आणि त्यासाठी त्यांनी अटी घातल्या. आणि पोचल्या किती? नासाच्या व्हॉयेजर यानावरच्या रेकॉर्डमध्ये त्यांची भैरवी आहे, सूर्यमालेच्या बाहेर! स्पर्धाखोर बाई ताऱ्यांपर्यंत गेली. आता बोला.

सूरपेटी, सावईवेरें

मानतो की, केसरबाई स्पर्धाखोर होत्या, त्यांना साध्वी करायची गरज नाही. पण ती अट घालून दुसरीचं शिक्षण थांबलं, स्वतःचा एक सूरसुद्धा त्याने वाढला नाही. तो वाढला वर्षानुवर्षं खांसाहेबांसमोर बसून एकेक स्वर घोटण्याने. आणि यानाचं म्हणाल तर ती रेकॉर्ड घेऊन दोन यानं १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात निघाली आणि त्याच १६ सप्टेंबरला बाई गेल्या. निवड अमेरिकेत झाली, तिथे शर्यतच नव्हती, कोणाला हरवून जागा मिळवलेली नव्हती. त्यांनी ती भैरवी रेकॉर्ड केली तेव्हा असलं काही कोणाच्या स्वप्नात नव्हतं. शिवाय शेवटी शिष्य किती तयार केले ते बघा, धोंडूताई कुलकर्णींचं एक नाव मोठं, बस. आपली विद्या दुसऱ्याकडे जाऊ नये ही भीती तुलनेतूनच येते, असं माझं वैयक्तिक मत. पटलं नाही तर सोडून द्या.

मांडवीकाठ, पणजी

अर्धं पटलं. अट घातल्याने सूर वाढला नाही हे मान्य. पण ती रग नसती तर इतकी वर्षं घोटत बसल्या असत्या का, हे मला अजून विचारायचंय. तुमच्याकडे उत्तर नसणार, माझ्याकडेही नाही.

कोकमकढी

मी पातोळ्यांचं बोलून गेलो आणि इथे अंतराळात पोचलात की रे.

शामेळवाला, डिचोली

सगळ्यांना देव बरें करूं. काल प्रॅक्टिसला जुना_घुमट काकांचं पहिलं काम करून बघितलं. शेवटच्या कडव्याला आम्ही इतके पळत होतो की अ‍ॅपवर आकडा बघून दोघेजण म्हणाले अ‍ॅप बिघडलंय. दुसऱ्या अ‍ॅपवर बघितलं, तेच. मग पोरांनी स्वतःच विषय काढला की लय चढवायचीच असेल तर कुठल्या कडव्याला ते ठरवूया, आणि त्यावर तासभर भांडण झालं. त्या भांडणात शेजारच्या पथकाचं नाव एकदाच आलं, तेपण "ते तिसऱ्याला चढवतात, आपल्या चालीला दुसरंच बरं" असं. म्हाताऱ्यांनाही मजा आली, कारण पूर्वी कुठे चढवायचे हे त्यांनाच माहीत होतं आणि इतकी वर्षं कोणी विचारलं नव्हतं. स्पर्धेला जायचं की नाही ते ठरलेलं नाही, पुढच्या चवथीला वेळ आहे. गेलो तर परीक्षकांना विचारायचं काम माझ्याकडे दिलंय.

काका, अजून दोन शंका. पावसात चामडं ढिलं पडतं आणि रेकॉर्डिंगमध्ये नाद बसका येतो, मग हाताची चूक की चामड्याची हे कळत नाही. आणि एक घुमट नवीन घ्यायचंय, मडकं बघताना काय बघायचं?

जुना_घुमट, सत्तरी

चामड्याचं असं, रेकॉर्डिंगच्या दिवशी घुमटं आधी सुक्या खोलीत ठेवा, जमलं तर दुपारच्या उन्हात थोडा वेळ. विस्तवाजवळ नेऊ नका, पोरं घाईने चुलीवर धरतात आणि चामडं कडेला फाटतं. वाजवायच्या आधी सगळ्या घुमटांवर एकेक उघडा ठोका मारून तेवढाच रेकॉर्ड करा. तो बसका आला तर चामडं, तो बरा आणि आरतीत बसका आला तर हात.

मडकं तुमच्या डिचोलीतच बघा, कुंभार तिथले. नखाने वाजवून बघा, सगळीकडून एकच आवाज आला पाहिजे, कुठे बद्द वाजलं तर आत चीर आहे किंवा भाजणी कच्ची. लहान तोंड ज्याला वाजवायचंय त्याच्या तळव्यावर मोजून घ्या, दुकानात त्यालाच घेऊन जा. तळवा पूर्ण बसला नाही तर बंद आवाज कधीच येणार नाही, मग पुढची दहा वर्षं त्या पोराला शिव्या घालत बसाल. चामडं चढवताना कडेची दोरी सगळीकडून सारखी ओढलीय ना, ते फिरवून बघा. आणि ते आरतीचं रेकॉर्डिंग मला मेसेजमध्ये टाका, दुसऱ्या कडव्याचं तुमचं भांडण मला ऐकून बघायचंय.